माझ्या खोलीचं छप्पर

४ फेब्रुवारी

मिस्त्री येऊन गेला. नातेवाइकांना बाजूला घेण्याआधी डॉक्टर पेशंटकडे बघतात, तसा परसातल्या अडगळीच्या खोलीकडे बघत होता. "भिंती चांगल्या आहेत," म्हणाला. म्हणजे छप्पर नाही. वर नुसता पत्रा – दुपारी तवा, पहाटे फ्रीज.

मला तिथे बसायचंय. मी, शिवणमशीन आणि बागेकडे उघडणारं दार. सध्या घरात दार लावून बसण्यासारखी एकच जागा आहे, तिथेही नवरा बाहेरून विचारतो, "अजून किती वेळ?"

६ फेब्रुवारी

नवरा छपरांचा तज्ज्ञ झालाय. परवापर्यंत 'इन्सुलेशन' म्हणताना अडखळत होता. त्याचं मत थर्माकोल – हलका, कापायला सोपा. मिस्त्री म्हणाला, "उंदरांनाही तसंच वाटतं."

मिस्त्रीचं मत काचलोकर, म्हणजे ग्लासवूल – काचेच्या तंतूंचा कापूसच. पत्र्याखाली गादीसारखी पसरायची, खाली प्लायचं छत; ऊनही अडतं, आवाजही. तिसरा उपाय म्हणजे फोम भरलेले तयार पत्रे, पण त्यासाठी सगळे जुने वासे बदलायला हवेत. तो राहू दे.

८ फेब्रुवारी

सासऱ्यांना विचारलं. सासूबाई गेल्यापासून बाबा घरातल्या कुठल्याही वादात पडत नाहीत. "हवा खेळती ठेवा," एवढंच बोलले आणि फिरायला गेले.

९ फेब्रुवारी

सकाळी खोलीत गेले, तर डोक्यावर टपकन पाणी. पाऊस नाही, काही नाही – पत्र्याला आतून घाम. मिस्त्री म्हणाला, लोकर पत्र्याला चिकटवली तर भिजून सडेल. मध्ये फट ठेवायची, दोन्ही टोकांना जाळी. थोडक्यात, बाबा बरोबर.

नवरा : "मी हेच म्हणणार होतो." लग्न झाल्यापासून तो हेच म्हणणार असतो.

१२ फेब्रुवारी

नवीन संकट. फट, लोकर आणि प्लाय मिळून छत इतकं खाली येतंय की दारापाशी नवऱ्याचं डोकं आपटणार.

"मग वाकून ये," मी म्हटलं.

"स्वतःच्या घरात वाकू?"

"मग येऊ नकोस."

तो रुसला. एका वाक्यात दोन कामं झाली.

१३ फेब्रुवारी

काचलोकर पक्की. थर्माकोल हरला. जेवताना नवरा एक शब्द बोलला नाही. जेवण छान झालं.

१९ फेब्रुवारी

मिस्त्रीने हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून लोकर भरायला घेतली. आमचे वीर बनियनवर मदतीला गेले. दुपारपासून दाराच्या चौकटीवर पाठ घासताहेत. मी आधी पोटभर हसले, मग त्याच्या पाठीवर गार पाणी ओतलं.

पाठ माझ्याकडे होती म्हणून असेल, पण त्याने विचारलं, "तुला खरंच आमच्यापासून लांब बसायचंय?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरळ प्रश्न. म्हटलं, "लांब नाही रे. जरा बाजूला."

 "अजून ओत पाणी," म्हणाला.

२२ फेब्रुवारी

भर दुपारी खोलीत बसले. पंखा नाही, तरी गार. कुणी हाक मारली नाही. थोडा वेळ मी कुणाचीच कुणी नव्हते. काय सुख आहे हे!

२६ फेब्रुवारी

बाबांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जाणाऱ्या निवृत्त नर्सबाईंशी लग्न करताहेत. "तुमच्यात आमची लुडबूड नको. परसातली खोली देता का? माझी तू घे." त्यांच्या खोलीतून बाग दिसत नाही. मनात आधी 'नाही'च आलं, खोटं कशाला लिहू. नवऱ्याचं तोंड उघडंच. मग बाबांकडे बघितलं, तर कान लालबुंद.

"घ्या," म्हटलं.

मिस्त्रीला फोन केला : उरलेली लोकर नेऊ नकोस. भिंतींनाही लाव. जाड.