गच्ची सुनेच्या नावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, धंदा जनरेटरचा (आता बंद), हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही धाकदपटशाशिवाय आणि दोन कप चहा पोटात असताना लिहून ठेवत आहे. आज सकाळीच डॉक्टरीणबाईंनी मला तपासून डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला. तो सोबत जोडला आहे.

सहा वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते. त्यात "सुनेला या घरातला एक खिळासुद्धा मिळू नये" असे कलम होते. ते मी रागाच्या भरात लिहिले होते. तो राग कशाचा होता, हे सांगितल्याशिवाय आजची वाटणी कोणाला पटायची नाही.

कलम १. राहते घर, म्हणजे तळमजल्याच्या तीन खोल्या, माझ्या मुलाला द्यावे. यजमान गेले तेव्हा तो आठ वर्षांचा होता. मागच्या शेडमध्ये त्यांनी बसवलेले डिझेलचे इंजिन होते, ते चालवायला मी शिकले. वीज गेली की गल्लीतली बावीस दुकाने माझ्या तारेवर चालायची. मुलाचे शिक्षण, लग्न आणि या तिन्ही खोल्या इंजिनानेच उभ्या केल्या. भिंती मात्र काळ्या पडल्या, दोरीवरचे धुणे पुन्हा धुवावे लागे, आणि त्या धडधडीमुळे आमच्या घरात आजही सगळे ओरडूनच बोलतात. पाहुण्यांना वाटते, भांडण चालू आहे.

कलम २. गच्ची, तिच्यावरची सोलर पॅनेल, बॅटऱ्या, आणि वर जेवढे आकाश कायद्याने देता येत असेल तेवढे, सुनेला. मुलाने किंवा पुढे आणखी कोणी वर मजला चढवू नये, सावली पडेल अशी टाकी ठेवू नये.

सून धंद्याने इलेक्ट्रिशियन. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिने आठ पॅनेल आणि बॅटऱ्या आणून दारात उतरवल्या.

"आई, इंजिन राहू द्या. मला फक्त गच्ची द्या."

"म्हणजे माझ्या पोटावर पाय!"

"पोटावर नाही हो, डोक्यावर. वर ऊन नुसतं पडून आहे."

मी गच्चीला कुलूप घातले आणि किल्ली कमरेला लावली. पाच महिने ती पॅनेल मधल्या खोलीत उभी होती. आम्ही त्यांना वळसा घालून जेवायला जात होतो. मृत्युपत्रातले ते कलम याच काळातले.

मग पूर आला. दोन दिवसांनी पाऊस थांबला, लख्ख ऊन पडले; पण विजेचे खांब आडवे झाले होते आणि पूल वाहून गेला होता. डिझेलचा टँकर पलीकडे अडकला. तिसऱ्या दिवशी सकाळी माझे इंजिन दोन आचके देऊन बंद पडले.

तासाभरात गल्लीच्या टोकाच्या उबवणीवाल्या बाई दारात. यांच्याकडे अंडी उबवायचे यंत्र आहे. माझ्या धुराविरुद्ध कचेरीत अर्ज यांनीच केला होता. सात वर्षे आम्ही एकमेकींकडे पाहत नव्हतो.

त्या म्हणाल्या, "मावशी, तुमच्या धुराविरुद्ध अर्ज मीच केला होता. आज धूरच मागायला आले आहे. तीनशे अंडी आहेत, अठरावा दिवस आहे. यंत्र गार झालं तर पिल्लं आतच मरतील."

मी म्हणाले, "बाई, धूर संपला."

सून मधल्या खोलीत होती. तिने नुसती पॅनेलवरची धूळ पदराने पुसायला घेतली. ती काही बोलली असती तर मी भांडले असते. मी कमरेची किल्ली काढून तिच्या हातात दिली.

दुपारपर्यंत चार पॅनेल वर चढली. मुलाने उचलली, बाईंनी दोर धरला, सुनेने जोडणी केली. खालची तार मी ओढली, कारण गल्लीतली कुठली तार कुठे जाते हे फक्त मलाच ठाऊक. यंत्राचा दिवा लागला तेव्हा चौघेही ओरडलो. आमच्यात ती रीतच आहे. दिवसा ऊन, रात्री बॅटरी, असे तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी सकाळी मी शेडच्या पायरीवर बसले होते. इंजिन गप्प. आणि गल्लीच्या टोकाकडून बारीक चिवचिव ऐकू आली. तीस वर्षांत त्या पायरीवर मला इंजिनाशिवाय दुसरा कसला आवाज आलाच नव्हता. दोनशे सत्तर पिल्ले निघाली. मी आणि बाई, दोघी त्या यंत्राशेजारी जमिनीवर बसून हसलो आणि रडलो.

मला कोणी वेडी म्हणण्याआधी लिहून ठेवते: ढगाळ दिवशी पॅनेल हात आखडता घेतात, बॅटरीकडे लक्ष द्यावे लागते. पण उन्हाला पूल लागत नाही, टँकर लागत नाही, आणि ते कुणाचे धुणे काळे करत नाही. आज बावीसपैकी एकोणीस दुकानांवर पॅनेल आहेत, सगळी सुनेने बसवलेली.

कलम ३. इंजिन तंत्रशाळेला द्यावे. मुलींनी ते खोलून शिकावे. त्याला भंगार म्हणू नये. त्याने आम्हाला जगवले.

कलम ४. पान्यांचा संच सुनेला. नरसाळे आणि गाळणी डिझेलवाल्याला. त्याच्या डिझेलमधला गाळ मी आयुष्यभर याच गाळणीने गाळला. त्याने ती दुकानाच्या दर्शनी भागात टांगावी.

कलम ५. बँकेतली ठेव मोडून सरकारी दवाखान्याच्या लसींच्या फ्रिजसाठी पॅनेल व बॅटरी बसवावी. पुरात तिथल्या सगळ्या लसी फेकून द्याव्या लागल्या. पुन्हा तसे होऊ नये.

कलम ६. शेडची जागा उबवणीवाल्या बाईंना, दुसरे यंत्र लावायला. त्यांना वाटा मिळत असल्याने साक्षीदार होता आले नाही, म्हणून त्या खुर्ची घेऊन नुसत्या ऐकायला बसल्या आहेत आणि मधे मधे डोळे पुसत आहेत. मी अजून जिवंत आहे, हे त्यांना कोणीतरी सांगावे.

कलम ७. हे मृत्युपत्र माझ्या पश्चात अमलात येईल. त्याची मला घाई नाही. येत्या गुरुवारी नदीपलीकडच्या पिठाच्या गिरणीवर सोळा पॅनेल चढवायची आहेत. गिरणीवाला काल विचारत होता, "मावशी, या वयात तुम्ही शिडी चढणार?" मी त्याला सांगितले, "तू खालून घट्ट धर."

वरील मजकूर सुनेने मोठ्याने वाचून दाखवला, मला मान्य आहे, म्हणून सही करते.

सही: (जनरेटरवाल्या मावशी)

आमच्यासमोर त्यांनी व त्यांच्यासमोर आम्ही सही केली:
साक्षीदार १: डॉक्टरीणबाई. (शेरा: मन उत्तम, रक्तदाब उत्तम, शिडीबद्दल मला विचारलेले नाही.)
साक्षीदार २: समोरचे शिंपीकाका

ठिकाण: राहत्या घराची गच्ची
दिनांक: ९ मार्च, सोमवार, सकाळी अकरा. ऊन कडक.