चाळीस मिनिटांचं अंतर

सोमवार, ३
पोचलो एकदाचा! एक धावपट्टी, पत्र्याची कचेरी, सामानाचा वजनकाटा, वायरलेसचा संच. पलीकडचा विमानतळ याहून छोटा. मध्ये एकशे साठ किलोमीटर नुसते डोंगर, ना रस्ता ना वस्ती. बारा आसनांचं विमान ते चाळीस मिनिटांत कापतं. माझं काम सोपं: तिकडून निघाल्याची आणि इथे उतरल्याची वेळ वहीत लिहायची. पुढच्या सोमवारी बायको आणि चार वर्षांची चिमणी त्याच विमानाने येतील. चाळीस मिनिटं म्हणजे किती झोपा, असं चिमणीने विचारलंय.

मंगळवार, ४
निवृत्त होणारे काका काम समजावत होते. दहाला विमान निघाल्याचा निरोप आला आणि त्यांनी उतरल्याची वेळही लिहून टाकली: दहा चाळीस. विमान अजून डोंगरापलीकडे! मी म्हणालो, बाजारात तुरी! ते हसून म्हणाले, मास्तर, इथे आधी लिहिलं नाही तर तुरी बाजारातच राहतात. मग मात्र मी सगळ्या हमालांसमोर सुनावलं. न पाहिलेलं लिहिणारा प्रत्येक हात खोटी साक्ष देतो, आणि अशाच हातांनी जग बुडवलं आहे. मी पाहीन, मगच लिहीन! काका एवढंच म्हणाले, की घरचं माणूस विमानात असेल तेव्हा भाषण करू नका.

बुधवार, ५
बावन्न मिनिटं. वैमानिकाच्या घड्याळात मात्र चाळीसच. इंधनही तेवढंच जळलेलं. असेल काहीतरी.

गुरुवार, ६
एक तास पस्तीस. नर्सबाईंनी उतरताच बोटं पुढे केली. सकाळीच कापलेली नखं बोटभर वाढली होती.

शनिवार, ८
चार तास. गुळगुळीत दाढी करून निघालेला किराणावाला छातीवर दाढी घेऊन उतरला. लोक का बघताहेत, म्हणून चिडला. काकांकडे गेलो. ते म्हणाले, हे अंतर संपलं असं रोज कुणाला तरी आधी म्हणावं लागतं, तरच ते संपतं. परवा लिहा, हट्ट सोडा. मी म्हणालो, भीतीपुढे एकदा वाकलेली मान पुन्हा सरळ होत नाही.

सोमवार, १०
दहाला निघालं. दोघी आत आहेत. पेन उचललं. हमाल माझ्याकडेच बघत होते. एकजण खुदकन हसला. पेन ठेवलं.
दहा एक्केचाळीस.
आलं नाही.

मंगळवार, ११
वायरलेसवर वैमानिक म्हणतो, दहा मिनिटांत उतरतो. कालही हेच म्हणाला. मागून चिमणी विचारते, बाबा दिसले का.
न पाहताच उतरल्याची वेळ लिहिली: अकरा. मग बारा. मग एक. पान भरलं. काकांनी वही पाहिली. म्हणाले, पाहिल्याशिवाय खरं नाही, हे तुम्हीच या वहीला शिकवलंत, मास्तर. आता ती तुमचंही ऐकत नाही.

बुधवार, १२
दहा मिनिटांत उतरतो. आवाज थकलेला. मागे बायको खोकते — ती कधी खोकत नसे. आणि कुणीतरी बाई विचारते, बाबा दिसले का. बाई —

गुरुवार, १३
दिसलं. टेकलं. दहा पाच. पाहिलं, म्हणून लिहितोय —
दार उघडलं. पांढऱ्या केसांची बाई. वाकलेली. तळहातावर चिमणीचा लाल बूट. तिच्यामागे कुणी नाही —
मला ओळखलं तिने. माझ्याहून म्हातारी, आणि मला बाबा म्हणते. म्हणते, आईला उठवा ना, ती मघाशीच झोपली.