उत्तरायणाच्या दिवसाचं तापमान

सर, काल विभागातून फोन आला होता. तुमच्या स्मरणार्थ एक पुस्तिका काढताहेत आणि तुमच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाने एकेक पान लिहायचं आहे. फोनवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, तुम्ही ती लॉगशीटची गोष्टच लिहा. आम्हाला सगळ्यांना ती पाठ आहे, पण तुमच्या हातची हवी.” पाठ असणारच. तुम्ही ती दरवर्षी नव्या बॅचला पहिल्याच तासाला सांगायचात, निवृत्त झाल्यावरसुद्धा मुद्दाम येऊन. तुम्ही गेल्यावर ती तुमच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या विद्यार्थ्यांना सांगितली. आता ती बडोद्यात इतकी फिरली आहे की मी वर्गात शिरले की मागच्या बाकावरचे एकमेकांना कोपर मारतात, हीच ती. मी फोनवर “हो” म्हटलं आणि कालपासून कोरा कागद पुढे घेऊन बसले आहे. कारण तुम्ही सांगायचात तशी ती गोष्ट घडलीच नव्हती. तुम्हाला ते माहीत नव्हतं, मला माहीत होतं. म्हणून त्यांना लिहिण्याआधी तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तेव्हा पत्ता लिहायचा प्रश्न नाही.

मी तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या वर्गातले निम्मे जण सॉफ्टवेअर शिकून परदेशी जायच्या खटपटीत होते आणि उरलेले निम्मे त्यांना हसत होते, पण गुपचूप पासपोर्टचा अर्ज भरत होते. तुमची निवृत्ती तीनेक वर्षांवर आलेली. त्या वयात माणसं पेन्शनचे कागद गोळा करतात, तुम्ही न्यूरल नेटवर्क, म्हणजे जुने आकडे दाखवून संगणकाला अंदाज बांधायला शिकवण्याचं तंत्र, शिकायला घेतलंत. तुम्ही त्याला ‘जाळं’ म्हणायचात. विभागात एकच बरं यंत्र होतं, त्याच्या खोलीत एसी होता आणि चपला बाहेर काढून आत जायचं, देवळासारखं. आमचं जाळं शिकायला दोन-दोन दिवस घ्यायचं आणि मध्ये वीज गेली की पुन्हा श्रीगणेशा. पहिल्या महिन्यात मी तुम्हाला एक आलेख आणून दिला आणि खाली लिहिलं, ‘निकाल उत्कृष्ट आहेत.’ तुम्ही लाल रेघ मारून म्हणालात, “उत्कृष्ट आहेत की नाहीत ते वाचणारा ठरवील. तू फक्त काय दिसलं ते लिही. आणि तुला दिसलं नाही ते लिहू नकोस.” मला राग आला होता. आमचं घराणं गायकवाडी फौजेतलं, आजोबांच्या तलवारीचं म्यान अजून भिंतीवर आहे, पण राग आला की तो गिळायचा हे मला तुम्हीच शिकवलंत.

तुमचं नागरवाड्यातलं घर मला विभागापेक्षा जास्त आठवतं. तुम्ही बाहेरच्या खोलीत माझ्या प्रबंधाचं प्रकरण तपासत बसायचात आणि मी स्वयंपाकघरात काकूंजवळ. काकू थालीपीठ लावायच्या आणि सोबत लोण्याऐवजी कैरीचा गोड छुंदा वाढायच्या. मी पुण्याच्या नातेवाइकांना हे सांगितलं तर त्यांनी नाकं मुरडली होती. “खाऊन तर बघा म्हणावं,” काकू म्हणाल्या, “आम्ही इथे चार पिढ्या खातोय, काही झालं नाही ने.” तुम्ही बाहेरून ओरडायचात, “अगं, तिला खाऊ घालून घालून झोपवू नकोस, अजून दोन पानं बाकी छे!” घरात तुम्ही तसंच बोलायचात, अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं, आणि विभागात पाऊल टाकलं की शुद्ध इंग्रजी. मला घरातले तुम्ही जास्त आवडायचात. हे तेव्हा सांगायची माझी छाती नव्हती.

आपलं काम बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या एका रंगाच्या कारखान्यावर चाललं होतं. तिथे एका रिअ‍ॅक्टरमध्ये मिश्रण तापवत न्यायचं असायचं आणि ते अचानक जास्त तापलं तर माल वाया, कधी माणसालाही धोका. जाळ्याने मागच्या काही तासांचं तापमान बघून पुढच्या तासाचं आधीच सांगावं, एवढीच आपली महत्त्वाकांक्षा. कारखान्यात ऑपरेटर दर तासाला आकडे घेऊन लॉगशीटमध्ये भरत. त्या दोन वर्षांच्या लॉगशीटा मी बसने पिशव्या भरभरून आणल्या, बोटं सुजेपर्यंत आकडे यंत्रात भरले आणि जाळं शिकवलं. ते इतकं सुरेख शिकलं की मलाच खरं वाटेना. पुढच्या तासाचं तापमान अगदी नेमकं सांगायचं. तुम्ही खूश होतात, पण अधूनमधून डोकं खाजवून म्हणायचात, “फार शहाणं आहे गं हे. एवढं शहाणं मूल मी पाहिलेलं नाही.” मला वाटायचं, सरांना कौतुकसुद्धा सरळ करता येत नाही.

प्रबंध जवळजवळ टाइप होऊन तयार होता तेव्हा मी राहिलेल्या चार शीटा आणायला नंदेसरीला गेले. तिथला म्हातारा ऑपरेटर माझ्या ओळखीचा झाला होता, दर खेपेला बशीतून चहा पाजायचा. उत्तरायण, म्हणजे इकडची पतंगांची संक्रांत, नुकतंच झालेलं, त्याच्या बोटांवर मांज्याने कापल्याच्या खुणा होत्या. मी विचारलं तर त्याची कळी खुलली. “बेन, उत्तरायणना दिवसे तो अमे बधा धाबा पर हता! सवारथी सांज सुधी. नव पतंग काप्या में!” सगळेच्या सगळे दिवसभर गच्चीवर, पतंग उडवत, आणि माझ्या हातात नेमकी त्या दिवसाची लॉगशीट होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकही रकाना रिकामा नव्हता. मी म्हटलं, मग हे आकडे कोणी घेतले? तो हसला, अगदी निर्मळ. “ए तो सांजे बेसीने भरी दईए, बेन. खाली एक जण वाल्व पासे होय ज. आटला वरस थया, गरमी केटली होय ए तो अमने मोढे छे.” वाल्वपाशी एकजण असायचाच, आकडे मात्र संध्याकाळी बसून तोंडपाठ भरायचे. आणि फक्त सणाच्या दिवशी नव्हे, रोजच. पाळी संपताना एकजण बसून आठ तासांचे आकडे पाठ म्हटल्यासारखे लिहून टाकायचा. माझं जाळं दोन वर्षं रिअ‍ॅक्टर शिकलंच नव्हतं. ते या म्हाताऱ्याचा हात शिकलं होतं.

मी परतीच्या बसमध्ये ठरवलं होतं की सरळ तुमच्याकडे जायचं आणि सांगायचं. गेले नाही. विभागात लेक्चररची एक जागा निघाली होती, त्या उन्हाळ्यापर्यंत प्रबंध सादर झाला तर ती मला मिळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्हीही त्याच उन्हाळ्यात निवृत्त होऊन अमेरिकेला मुलाकडे जाणार होतात, तिकिटाची चौकशी चालली होती. ही वेळ चुकली असती तर माझी जागा गेली असती आणि मार्गदर्शकही. आणि परीक्षकांना काय कळणार होतं? आकडे कारखान्याचे, शिक्का कारखान्याचा. मी तीन आठवडे गप्प बसले. त्या तीन आठवड्यांत मी तुमच्याकडे दोनदा थालीपीठ खाल्लं.

आता तुमची गोष्ट, तुमच्याच शब्दांत. “एक दिवस ही मुलगी प्रबंध घेऊन माझ्या खोलीत आली. मी सही करायला पेन काढलं. आणि ती म्हणाली, सर, सही करू नका, यातले आकडे खोटे आहेत. कुणालाही कधी कळलं नसतं. तिची नोकरी जाणार होती. तरी ती आपणहून आली आणि सांगितलं.” इथे तुम्ही थांबायचात, चष्मा पुसायचात. मग म्हणायचात, “आकडा कसा घ्यायचा ते मी तुम्हाला शिकवीन. हे मात्र घरून आणावं लागतं.” मी एकदा मागच्या बाकावर बसून हे ऐकलं आहे आणि जमिनीने पोटात घेतलं तर बरं असं मला वाटलं आहे.

माझ्याकडून ते ऐकल्यावर तुम्ही रागावला नाहीत, हे खरं. तुम्ही टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, “म्हणजे आता कामाला लागायला हवं.” अमेरिकेचं पुढे ढकललंत. काकूंनी नातवासाठी विणलेले स्वेटर ट्रंकेत परत ठेवले आणि मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. ती जागा दुसऱ्याला गेली. तुम्ही निवृत्त झाल्यावरही वर्षभर रोज सकाळी विभागात यायचात. तुमची खुर्ची दुसऱ्या कुणाला दिली होती, म्हणून माझ्या स्टुलावर बसायचात आणि मी उभी.

आणि नंदेसरीचा तो पहिला दिवस. आपण बसने गेलो, तुमच्या हातात डबा, माझ्या हातात आपल्या प्रयोगशाळेतला तापमापक. रिअ‍ॅक्टरशेजारी दोन रिकामी पिंपं पालथी घालून आपण दिवसभर बसलो, दर पंधरा मिनिटांनी एक आकडा. तुम्ही वाचायला मला सांगत होतात आणि लिहीत स्वतः होतात, मोठ्या मोठ्या अक्षरांत. म्हातारा ऑपरेटर भीतभीत लांब उभा होता. त्याला वाटलं, साहेब तक्रार करायला आलेत. तुम्ही त्याला बोलावून आपल्या डब्यातला लीला चिवडा, बडोद्याचा तो ओलसर बटाट्याचा, दिलात आणि म्हणालात, “काका, तमे ना कह्युं होत तो अमने खबर ज न पडत.” त्याने सांगितलं म्हणून तर आपल्याला कळलं होतं. दुपारी आपल्या रिअ‍ॅक्टरला थंड ठेवणारं पाणी शेजारच्या टाकीने ओढून घेतलं आणि आपलं तापमान जे उसळलं ते कुठल्याच लॉगशीटमध्ये नव्हतं. चढलं, अडलं, पुन्हा चढलं. मी घाबरून वाचते आहे आणि तुम्ही पिंपावरून उठून उभे राहिला आहात, टोपी हातात. “वाच, वाच! अगं, हे बघ कसं वागतंय! हे खरं आहे!” रसायनांच्या त्या वासात खोकत खोकत तुम्ही हसत होतात. सर, त्या दिवशी तुम्ही मला माझ्या वडिलांपेक्षा जवळचे वाटलात. वडील हयात होते तोवर मी हे कुठे बोलले नाही.

नवं जाळं जुन्यापेक्षा कितीतरी जास्त चुकायचं. प्रबंधात आपण तसं लिहिलं. तोंडी परीक्षेला आलेल्या परीक्षकांनी विचारलं, निकाल इतके साधारण का? तुम्ही उठून पहिल्यांदा ती गोष्ट सांगितलीत. मी समोर उभी होते, मान खाली. लोकांना तो विनय वाटला. बाहेर आल्यावर तुम्ही मला लाल रिफिलींचं अख्खं खोकं दिलंत, “माझ्या वाट्याची शाई तुझ्यावर संपली, आता तू दुसऱ्यांवर वापर.” मी तेव्हा बोलायला हवं होतं. पुढे तुम्ही होतात तोवर प्रत्येक दिवाळीला मी फराळ घेऊन तुमच्याकडे आले आणि प्रत्येक वेळी दारात ठरवलं की आज सांगायचं.

तर घडलं ते असं. मी सांगायला आले नव्हते, सही घ्यायला आले होते. तुम्ही पेन काढलंत, मग काय वाटलं कोण जाणे, परिशिष्टातली एक लॉगशीट उपसलीत आणि खिडकीपाशी गेलात. उजेडात धरून कागद डोळ्यांजवळ नेलात, लांब नेलात, पुन्हा जवळ. खूप वेळ. मला वाटलं, हीच ती उत्तरायणाची, सरांनी पकडलं. तुम्ही तोंड उघडण्याआधी मी सगळं ओकून टाकलं. तुम्ही मागे वळलात तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. शीट भलत्याच कुठल्या दिवसाची होती. मी आपणहून आले नव्हते, सर. मी घाबरून बोलले होते, आणि ते वर्ष तुम्ही मला दुसरीच कुणी समजून दिलंत.

हे एवढं मी पुस्तिकेसाठी लिहून देणार आहे, खिडकीसकट. मागच्या बाकावरच्यांना कोपर मारायला दुसरं कुणीतरी शोधावं लागेल. पण एक गोष्ट त्यांना लिहिणार नाही. खिडकीच्या त्या प्रसंगानंतर चार दिवसांनी मी नागरवाड्यात आले होते. काकू पीठ मळता मळता हळूच म्हणाल्या, “यांना महिनाभर बारीक अक्षर दिसतच नाहीये गं. मोतीबिंदू पिकलाय. निवृत्तीपर्यंत कॉलेजात कुणाला कळू देऊ नकोस म्हणतात. तूही बोलू नकोस हं.” म्हणजे त्या खिडकीपाशी तुम्हाला एकही आकडा दिसला नव्हता. तुम्ही बहुधा, जरा वाचून दाखव, एवढंच म्हणणार होतात. तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. तुमच्या डोळ्यांचं वाईट वाटायला हवं होतं. तेही वाटलं, पण मागाहून. सगळ्यात आधी वाटलं ते हे: दोन मिनिटं गप्प राहिले असते तर सही झाली असती. आणि बाहेरच्या खोलीतून तुम्ही ओरडून विचारत होतात, “उद्या नंदेसरीची सातची बस पकडायची छे, येशील ने?” मी आतून “हो” म्हणाले.