चौदाव्या नंबरची ओ

घाटंजी
१७ नोव्हेंबर २०२४

चि. पायल,

खूप खूप दुवा. तुझं पत्र पोचलं. आम्ही दोघं बरे आहोत. सुग्राबीचे गुडघे तेवढे कुरकुरतात. गल्लीतून दिवसभर कापसाच्या गाड्या जातात. तो वास आला की मी चाळीस वर्षांनी लहान होतो आणि एखादी कविता ओठांवर येते. हल्ली अर्धीच येते.

तू बाभुळगावला इंग्रजी शिकवतेस, हे सुग्राबीला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुमचीच पोरगी निघाली."

माझी हजेरीची रीत तुला तुझ्या वर्गात सुरू करायची आहे. प्रत्येकाला एक इंग्रजी विशेषण. नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं नाही, आपला शब्द म्हणायचा. वर्ष सरेपर्यंत सगळ्यांचे शब्द सगळ्यांना पाठ. तुमच्या वेळी, अठ्ठ्याण्णव साली, मी सगळे शब्द एकाच घराण्यातले निवडले: ज्यांना आडोसा नाही, राखण नाही, अशांचे. पुस्तकात माळावर चुकलेल्या कोकराची कविता होती, ती मला फार आवडे, म्हणून. घे लिहून. गोविंदा, हेल्पलेस. राखी, अनशेल्टर्ड. परवेज, अनआर्म्ड. नाहिद, एक्स्पोज्ड. भीमराज, व्हल्नरेबल, त्याला ते शेवटपर्यंत जमलं नाही, 'वल्लरबल' म्हणायचा आणि वर्ग खिदळायचा.

तू लिहिलंस, "माहा शब्द मले आठवते सर. कौसल्याचाही आठवते. बाकीचे पाठवा." त्या ओळीपाशी मी चार दिवस अडून बसलो.

तुझा डिफेन्सलेस. तिचा अनगार्डेड.

सुग्राबी म्हणते, म्हातारपणी मला झाकणांचं वेड लागलं. रांजणावर झाकण, बादलीवर ताट, चहाच्या कपावर बशी. "चहा का पळून जाते काय?" असं विचारते. तिला वाटतं, धुळीसाठी. अंगणातल्या पाण्याच्या टाक्यावर तर मी लोखंडी झाकण टाकून वर पाटा ठेवला आहे. कारण दुपारी व्हरांड्यात बसून सवयीनं तुमची नावं पुटपुटायला लागलो, की चौदाव्या नंबरला तिकडून ओ येते. पाटा ठेवल्यावरही येते.

आता लिहितोच.

त्या सकाळी वर्गाचा माठ भरायची पाळी कौसल्याची होती. ती घंटेआधीच कळशी घेऊन गेली होती, हे मला ठाऊक होतं. पण कोकराची कविता त्याच दिवशी सुरू करायची होती. ती सकाळपासून माझ्या डोक्यात घोळत होती. हजेरी मी मान खाली घालून, घाईनं उरकली. चौदा, कौसल्या. ओ आली, "अनगार्डेड." मी हजेरी मांडली.

पायल, ती ओ तिच्या बाकावरून आली नव्हती. खिडकीकडून आली होती. बारीक, ओली, घागरीत तोंड घालून कोणी बोलावं तशी. खिडकीमागं पंधरा पावलांवर शाळेची बिनकठड्याची विहीर होती.

माझा पेन क्षणभर थांबला. मग मी पुस्तक उघडलं. कविता निम्मी झाली तेव्हा तोच शब्द पुन्हा आला. पोरं माझ्यामागून मोठ्यानं ओळी म्हणत होती, त्यांना ऐकू गेला नसावा. कोणीतरी मस्करी करतंय, असं मी ठरवलं. उठलो आणि खिडकी लावून घेतली.

ती संध्याकाळी सापडली. विहिरीत पडलेली पोरगी हजर कशी, असं मुख्याध्यापकांनी चारचौघांत विचारलं. मी म्हणालो, "पायलनं तिची ओ दिली असेल. दोघी मैत्रिणी."

तू त्या दिवशी शाळेतच नव्हतीस. वर्गातल्या पोरांना ते माहीत होतं. पण सरांना खोटं कोण पाडणार? तुझी आई दारोदार सांगत होती, "माही पोरगी तापानं फणफणत होती." कोणी ऐकलं नाही. तुझ्या बाबांनी तुला शाळेतून काढलं. लोक तुला खोटारडी म्हणत, ते मी ऐकत असे. आणि हजेरीपत्रक माझ्या कपाटात होतं. त्या तारखेला तुझ्या नावापुढं माझ्याच अक्षरात 'गै.' आहे. तू बाहेरून परीक्षा देऊन दहावी झालीस, हे कळलं तेव्हाही मी ते कपाट उघडलं नाही.

ते पान सोबत पाठवतो आहे. आई आहेत ना अजून? आधी त्यांना दाखव. येत्या बुधवारी, बाजाराच्या दिवशी, मी आपल्या त्या शाळेच्या गावात येतो. जिथं चारचौघांत तुझं नाव घेतलं, तिथंच उभा राहून माझं घेईन. कौसल्याच्या भावाला, धम्मरत्नला, तसं कळवलं आहे. त्याचं उत्तर नाही. त्यानं दगड उचलला तरी मी जागचा हलणार नाही.

वर्गात शब्द कोणतेही दे, बेटा. फक्त नाव पुकारलं की मान वर कर आणि ओ कुठून आली ते बघ.

ज्याला तू अजून सर म्हणतेस, तो
अब्दुल गनी