पिवळ्या डागाची प्लेट

प्रिय चिमे,

माझं अक्षर पाहून पाकीट न उघडताच टाकून देशील, ही धास्ती आहेच. पण आधी बातमी सांगते, नाहीतर माझं पोट फुटेल. आपल्या स्पंजातला जिवाणू कामाला लागला गं! सकाळी जंतू वाढवलेली काचेची प्लेट उजेडात धरली तर त्यांच्या दाट थरात बटणाएवढा स्वच्छ गोल. हॉस्पिटलातल्या कुठल्याच औषधाला भीक न घालणारे ते जंतू, आणि त्या गोलात एक शिल्लक नाही! मी अशी ओरडले की काचसामान धुणाऱ्या मावशी ब्रश हातात घेऊनच धावत आल्या. त्यांना वाटलं, मी भाजले.

पाणबुड्याने समुद्राच्या तळातून तो नारिंगी, भोकाभोकांचा जिवंत स्पंज आणून दिला तेव्हा आपण दोघी कशा नाचलो होतो! ज्याला जागचं हलता येत नाही, त्याची राखण त्याच्या अंगात राहणारे जिवाणू करतात, याचं तुला केवढं कौतुक. त्यातला पांढरा जिवाणू आपण वेगळा काढला आणि पठ्ठ्या ढिम्म! साखर बदलली, मीठ बदललं, जंतू मारणारं द्रव्य काही सोडेना. त्यातच तुझ्या प्लेटांवर पिवळे डाग दिसले. हा पिवळा जिवाणूही स्पंजातूनच आलाय, असं तू सांगत होतीस. मी मात्र ती बाहेरची घाण समजून भर मीटिंगमध्ये म्हणाले की माझ्याच बहिणीला स्वच्छ काम जमत नाही, आणि तुझ्या अकराच्या अकरा प्लेटा चाचणीआधीच नष्ट केल्या. दुसऱ्या दिवशी तुझा एप्रन खुंटीवर होता आणि तू नव्हतीस. त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून तू माझ्याशी एक शब्द बोललेली नाहीस.

गेल्या महिन्यात फ्रीजरमधला बर्फ खरवडताना तळाशी एक कुपी सापडली. वर तुझ्या अक्षरात, ‘पिवळा. ताईला सांगू नका.’ मला आधी हसू आलं, मग तिथेच फरशीवर बसून रडले. पिवळ्याला पांढऱ्याशेजारी वाढवलं आणि पांढऱ्याने द्रव्य सोडलं! दोघं एकेकटे असले की काही नाही. एकाच वेळी तीन प्लेटांवर करून पाहिलं, तिन्हींवर तेच. जपून ठेवलेल्या स्पंजाच्या तुकड्यातही पिवळा निघाला. तुझंच खरं होतं, चिमे. याचं औषध व्हायला कितीतरी वर्षं लागतील, कदाचित होणारही नाही. पण आज माझे पाय जमिनीवर नाहीत.

आता जे लिहायला हात धजत नव्हता ते लिहिते. त्या मोठ्या प्रयोगशाळेतली तुझी मुलाखत छान झाली होती, तरी नकार आला. आई म्हणाली, नशीब. ते नशीब नव्हतं. त्यांनी तुझ्याबद्दल मला विचारलं होतं आणि मी लिहून दिलं होतं की हिच्या हाताला शिस्त नाही. आज त्यांना दुसरं पत्र पाठवलं. चूक कोणाची, शोध कोणाचा, सगळं त्यात आहे. प्रत सोबत जोडलीय. शोधनिबंधावर तुझं नाव पहिलं असेल. ती माझी माफी नव्हे, तो तुझा हक्क आहे. माफी मागायला मी रविवारी येतेय. माझं तोंड पाहायचं नसेल तर दार उघडू नकोस, मी जिन्यात बसून राहीन. शिव्या द्यायला तरी बाहेर ये.

तुझीच,
तुझी अपराधी ताई