अकरावं प्रकरण

फ्रीमँटल, २ मार्च १९३२

ती. नोराताईस क्लेमचा सा. न. वि. वि.

आज आश्रयगृहात सूपच्या रांगेत लँगडन दिसला. तोच सरकारी सेन्सॉर, ज्याने १९१८ साली माझ्या युद्धावरच्या पुस्तकातलं अकरावं प्रकरण कापलं. आपल्या आल्फचं. मंदीत नोकरी गेलीय, छाती खोकल्याने पोखरलीय. त्याने मला ओळखलं नाही. मागे चाळीस माणसं वाडगे वाजवत होती, म्हणून वाढलं. आता तू चिडणार.

तुझा धाकटा,
क्लेम

केलर्स वेल, ७ मार्च

चि. क्लेमला अनेक आशीर्वाद.

वाढलंस? मटणाचे दोन तुकडे जास्तच घातले असशील! सगळे मागे पळाले तेव्हा माझा नवरा तीन जखमींपाशी थांबला आणि मेला, हे तू डोळ्यांनी पाहिलंस. गाव म्हणतं, तो पळून गेला. मेव्हण्याची साक्ष कोण धरतो? लँगडनच्या टेबलावर तर अधिकाऱ्याचा लेखी जबाब होता. तरी कात्री चालवली. स्मारकाच्या दगडावर आल्फचं नाव नाही. दर अँझॅक दिनाला, पंचवीस एप्रिलला, युद्धात मेलेल्यांच्या स्मरणाला गाव दगडापुढे जमतं, मी मागे उभी राहते आणि मिसेस प्रुइट मला भीक घातल्यासारखा केक देते. हाकल त्याला. संतपणा पुरे झाला.

नोरा

फ्रीमँटल, १८ एप्रिल

ती. ताईस सा. न.

हाकललं नाही. नाव सांगितलं, तसा पांढराफटक पडला. म्हटलं, बोललास तरी जेवण मिळेल, नाही बोललास तरी मिळेल. पण माझ्या बहिणीच्या गावी जाऊन खरं सांग. तीन दिवस जेवला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, जातो. शनिवारच्या गाडीने पाठवतोय. दारातून परत लावू नकोस, एवढी माया ठेव.

क्लेम

केलर्स वेल, २६ एप्रिल

चि. क्लेमला आशीर्वाद.

काल दगडापुढे उभा राहून त्याने सगळं सांगितलं. खोकत खोकत म्हणाला, खरं आहे हे ठाऊक असूनही मी कापलं. गावाने माना खाली घातल्या. मिसेस प्रुइट रडली. मी रुमाल दिला नाही. पुढच्या महिन्यात नाव कोरायला माणूस येतोय.

लँगडनने माझी क्षमा मागितली. मी नाही म्हटलं, तोंडावर.

गुरुवारी तो परत येईल. त्याला रोज दूध, अंडी दे. खाट वाऱ्यापासून दूर लाव, डॉक्टरला दाखव. दर पंचवीस एप्रिलला तो मला इथे उभा हवाय, सगळ्यांसमोर, हेच सांगताना. त्याला मरू देऊ नकोस.

तुझी ताई,
नोरा