बाळकृष्णाची फुलं आणि जुईच्या बिया

चि. सौ. सुप्रभास,
जपानातल्या सेंदाईहून तुझ्या थोरल्या जाऊबाईचे पोटभर आशीर्वाद. कंबर कशी आहे? शेक घेतेस ना? आमचे हे चहात जास्त साखर मागतील, देऊ नकोस. अक्षर वेडंवाकडं आहे (चौथीनंतर शाळा कुठली?), पण तू लावून घेशील.

तर जुई शाळेतून निळ्या फुलांच्या वेलाची कुंडी घेऊन आली. इथं पहिलीतल्या प्रत्येक पोरानं आपापला वेल वाढवायचा, सुट्टीत तो घरी आणायचा. मला वाटलं, देवानंच सोय केली! दुकानातली फुलं इथं इतकी नटवून देतात (वर वाकून नमस्कार) की वाहायला जीव होत नाही. मी आपली रोज पहाटे सगळी फुलं देठासकट खुडून बाळकृष्णाला वाहत होते. एका सकाळी जुई लवकर उठली आणि "आजी, दामे! दामे!" म्हणजे नको, नको, करत जी रडायला लागली!

का, तर या वेलाच्या बिया पुढच्या वर्षी शाळेत येणाऱ्या नव्या पोरांना द्यायच्या असतात, आणि हिच्या वेलाला एक बोंड नाही. मग तिच्या बाबानं, आपल्या अंबरीषनं (विद्यापीठात भातावर संशोधन करतो, घरी कुकर लावता येत नाही) फूल उभं चिरून आम्हा दोघींना शिकवलं. बुडाशी हिरवं झबलं असतं ना, त्याच्या एकेका पानाला निदल म्हणायचं. आत पिठी माखलेल्या काड्या, ते पुंकेसर; पिठी म्हणजे परागकण. मधोमध एकटी उभी ती स्त्रीकेसर, तिच्या पोटाशी अंडाशय, तिथं बी धरतं. अगं सुप्रभा, म्हणजे मी रोज सकाळी गरोदर बायका खुडत होते की गं!

आता फुलाला हात लावत नाही. बाळकृष्णालाच पाटासकट बाल्कनीत वेलाखाली नेऊन बसवते. दोन बोंडं धरलीत, हरभऱ्याएवढी. जुई ती बघून मला जपानीत काहीबाही सांगते, मी मराठीत हो हो म्हणते. झकास चाललंय.

तुझी,
सिंधूवहिनी

ता. क. बिया वाळायला गणपती उलटून जातील. तेव्हा यंदा गौरी तूच उभ्या कर, आणि मी उशिरा येणार हे ह्यांना तूच सांग. फोनवर ते शेजारीच कान देऊन असतात, म्हणून हे पत्र.

आणखी एक. अंबरीष म्हणतो, बिया काय, मीही काढीन. हे मात्र ह्यांना सांगू नकोस.